पहिला प्रयोग झाला, दुसऱ्याचं काय?

२२ ऑक्टोबर १९६१. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातलं डोनाउएशिंगेन हे लहानसं गाव. मंचावर ८९ वादक, समोर कंडक्टर हान्स रोसबाउड, आणि स्टँडवर ग्यॉर्गी लिगेटी या ३८ वर्षांच्या रचनाकाराची जेमतेम नऊ मिनिटांची रचना, 'आत्मोस्फेर'. लिगेटी १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेला. या रचनेत गुणगुणता येईल अशी चाल नाही आणि पायाने धरावा असा ठेकाही नाही. तरी ती संपली तेव्हा श्रोत्यांनी ती पुन्हा वाजवायला लावली. संगीत नाटकातल्या पदाला मिळावा तसा चक्क वन्स मोअर.

नव्या पाश्चात्त्य कलासंगीतात असं क्वचितच घडतं. महोत्सवात रचना पहिल्यांदा वाजते, टाळ्या पडतात, समीक्षा छापून येते आणि स्कोअर, म्हणजे रचनेची लिहिलेली संहिता, कपाटात जातो. पहिला प्रयोग मिळवणं अवघड आहेच, पण महोत्सवांची सगळी यंत्रणा त्यासाठीच उभी असल्यामुळे तो मिळतो तरी. खरी रड दुसऱ्या प्रयोगाची. रचना पुन्हा वाजणार की नाही, हे तिच्या गुणांइतकंच काही अगदी व्यवहारी गोष्टींवर ठरतं. वादकांच्या हातात पडणारे कागद नीट होते का? यंत्रं अजून मिळतात का? कोणी तिचा अभ्यास करून ठेवलाय का?

हे महोत्सव चालतात कोणाच्या जिवावर

डोनाउएशिंगेनचा महोत्सव १९२१ साली सुरू झाला. फ्युर्स्टेनबेर्ग घराण्याचा राजाश्रय होता आणि पहिल्याच वर्षी पाउल हिंडेमिटचं तारवाद्यांचं चतुष्टक गाजलं. पण आज आपण ज्याला ओळखतो तो महोत्सव १९५० नंतरचा. महायुद्धानंतर नैऋत्य जर्मनीच्या नभोवाणीने तो हाती घेतला. संगीत विभागाचे प्रमुख हाइनरिश श्ट्रोबेल, कंडक्टर रोसबाउड आणि नभोवाणीचा स्वतःचा, पगारी ऑर्केस्ट्रा. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो, इथे अर्थ ऐंशी-नव्वद वादकांचा सिंफनी वाद्यवृंद.)

नभोवाणी आल्यामुळे तीन गोष्टी झाल्या. तिकीटविक्रीवर पोट नसल्यामुळे कोणी न ऐकलेलं संगीत लावता आलं. नेहमीच्या मैफलींपेक्षा जास्त तालमी परवडल्या. आणि प्रत्येक कार्यक्रम ध्वनिमुद्रित होऊन कपाटात राहिला. तिसऱ्या गोष्टीचं मोल त्या वेळी फारसं कोणाच्या ध्यानात आलं नसावं. १९५१ साली पिएर बुलेझ या फ्रेंच रचनाकाराची अठरा वाद्यांची 'पोलिफोनी एक्स' इथे वाजली, सभागृहात गोंधळ माजला, आणि पुढे बुलेझने ती रचनाच मागे घेतली. म्हणजे दुसऱ्या प्रयोगाचा प्रश्नच मिटला. पण पहिल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण राहिलं, म्हणून रचनाकाराने रद्द केलेल्या रचनेवर आजही बोलता येतं.

महोत्सव आजही ऑक्टोबरातच, एका आठवडाअखेरीला भरतो. काही कार्यक्रम चक्क क्रीडासंकुलाच्या सभागृहात होतात, कारण एवढ्या छोट्या गावात मोठी जागा दुसरी कुठली असणार? बाकी ठिकाणांची तऱ्हा वेगळी. डार्मश्टाट मुळात उन्हाळी अभ्यासवर्ग, १९४६ पासूनचा. वॉर्सा ऑटम १९५६ साली साम्यवादी पोलंडमध्ये सुरू झाला, आणि पूर्वेचं-पश्चिमेचं नवं संगीत शेजारी बसून ऐकण्याची जागा म्हणून त्याला वेगळंच वजन आलं. इंग्लंडमधला हडर्सफील्डचा महोत्सव १९७८ पासूनचा. आंतरराष्ट्रीय समकालीन संगीत संस्था तर १९२२ ची, आणि तिचा महोत्सव दर वर्षी वेगळ्या शहरात. लिगेटीची 'अपारिस्याँ' ही आधीची वाद्यवृंद-रचना याच फिरत्या महोत्सवात, १९६० साली कोलोनला वाजली होती.

कमिशन म्हणजे दलाली नव्हे

महोत्सव रचनाकाराला नवी रचना लिहायला सांगतो, त्याला त्या वर्तुळात कमिशन म्हणतात. करारात मुख्यतः चार गोष्टी ठरतात: लांबी किती मिनिटं, वाद्यं कोणती आणि किती, स्कोअर आणि पार्ट (प्रत्येक वादकाचे सुटे कागद) कधी द्यायचे, मानधन किती. पार्ट छापायचा खर्च कोणाचा हे त्याच वेळी लिहून घेतलं नाही तर नंतर वाद ठरलेला.

वाद्यांची यादी एका सांकेतिक ओळीत लिहितात. 'आत्मोस्फेर'ची ओळ अशी: ४.४.४.४ – ६.४.४.१ – पियानो – १४.१४.१०.१०.८. पहिला गट लाकडी फुंकवाद्यांचा: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून. दुसरा पितळी: हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. शेवटचा तारवाद्यांचा: पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, डबल बेस. बेरीज करून पाहा. १६ आणि १५ झाले ३१, तारवाद्यं ५६, म्हणजे ८७. उरलेले दोघे पियानोपाशी, पण पट्ट्यांना हात न लावता: ते ब्रश वगैरे घेऊन आतल्या तारांवरून फिरवतात. तालवाद्य एकही नाही. ही ओळ वाचता आली की रचना पुन्हा वाजण्याची शक्यता अर्धीअधिक कळते. पाच ट्रम्पेट, सहा तालवादक आणि कॉन्ट्राबास क्लॅरिनेट मागणाऱ्या रचनेसाठी प्रत्येक ऑर्केस्ट्राला बाहेरून माणसं बोलवावी लागतात. जादा वादक म्हणजे जादा खर्च; व्यवस्थापक स्कोअर उघडायच्या आधी हीच ओळ बघतो.

'आत्मोस्फेर'ची दुसरी गंमत तारवाद्यांत आहे. नेहमीच्या सिंफनीत ५६ तारवादक असले तरी ओळी पाचच असतात. सगळी पहिली व्हायोलिनं एकच गोष्ट वाजवतात आणि दोघांत एक स्टँड चालतो. लिगेटीने प्रत्येकाला स्वतंत्र ओळ दिली. पाचाच्या जागी छप्पन ओळी. सुरुवातीलाच जवळपास पाच सप्तकांचा पट्टा स्वरांनी खच्चून भरलेला ऐकू येतो, आणि तोही अगदी हळू आवाजात. पुढे एका टप्प्यावर ४८ ओळी एकच स्वररांग वाजवतात, पण प्रत्येक वादक तिच्यात वेगळ्या जागी असतो. शाळेत सगळा वर्ग मोठ्याने पाढे म्हणतोय आणि प्रत्येक मूल आपापल्या वेगाने, असा प्रकार. वर्गाबाहेर उभं राहिलं तर 'बे दुणे चार' ऐकू येत नाही, एक गुंजन ऐकू येतं. मात्र एखादं मूल गप्प झालं तर गुंजनाचा पोत बदलतो. लिगेटी याला सूक्ष्म बहुस्वरता म्हणायचा. ही कल्पना त्याला कोलोनच्या नभोवाणीच्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत, ध्वनिफितींचे थर एकावर एक चढवताना सुचली. 'आत्मोस्फेर' हे नावही आधी तिथल्याच एका इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी योजलेलं होतं.

तालमीत काय बिघडतं

नव्या रचनेची पहिली तालीम बहुधा संगीतावर कमी आणि कागदावर जास्त खर्च होते. स्कोअर म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असलेलं कंडक्टरचं पुस्तक. पार्ट म्हणजे एका वादकापुरती त्याची ओळ. संगणकात स्कोअर तयार झाला की पार्ट आपोआप निघतात, असा रचनाकारांचा समज असतो. निघतात, पण वाजवण्याजोगे निघत नाहीत.

सगळ्यात सामान्य चूक पान उलटण्याची. उजव्या पानाचा शेवट वाजवत असतानाच झाला, तर पान उलटायला हात नाही. तिथे काही सेकंदांचा विराम यायलाच हवा, मग त्यासाठी आधीचं पान अर्धं कोरं ठेवावं लागलं तरी चालेल. दुसरी चूक लांब विश्रांतीची. पार्टमध्ये '४७ मापं थांबा' एवढंच छापलेलं असतं (माप म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांमधला तालाचा एक खंड), आणि परिचित सिंफनीत वादक कानाने जागा ओळखतो तशी इथे ओळखू येत नाही. म्हणून विश्रांती संपण्याआधी शेजारच्या वाद्याच्या दोन-तीन मापांची ओळ छोट्या अक्षरात छापतात. तिसरी चूक तालवाद्यांची: रचनाकार डोक्यात वाद्यं बदलतो, पण वादकाला व्हायब्राफोनपासून टॅमटॅमपर्यंत (मोठी टांगलेली झांज) चालत जायचं असतं आणि हातातल्या काठ्याही बदलायच्या असतात. मंचावर वाद्यं कुठे ठेवायची याचा नकाशा स्कोअरच्या पहिल्या पानांत नसेल, तर तो तालमीत काढावा लागतो.

याची किंमत साधी आहे. ८९ वादकांच्या तालमीत एका चुकीच्या छपाईपायी दहा मिनिटं गेली, तर ८९० वादक-मिनिटं गेली. जवळपास पंधरा तासांचं काम.

मग येतात वाद्यांच्या अंगच्या अडचणी. क्लॅरिनेट किंवा ओबोवर विशिष्ट बोटं धरली तर एकाच वेळी दोन-तीन स्वर निघतात. नव्या संगीतात हे फार आवडीचं. पण पुस्तकात दिलेली बोटं दुसऱ्या बनावटीच्या वाद्यावर तोच निकाल देतीलच असं नाही. रीड बदलली तरी फरक पडतो. त्यामुळे ज्याच्यासाठी लिहायचं त्या वादकाबरोबर बसून बोटं तपासायची, पार्टमध्ये बोटांची आकृती छापायची, आणि 'हाच स्वर हवा की असा पोत चालेल' हे स्पष्ट लिहायचं. शेवटची सूचना दुसऱ्या प्रयोगासाठी आहे, कारण तेव्हा तो मूळ वादक समोर नसतो.

पाव-स्वरांचंही तसंच. दोन लगतच्या अर्धस्वरांच्या बरोबर मधला स्वर व्हायोलिनवादक सावकाश लयीत नेमका लावू शकतो. द्रुत लयीत तेच लिहिलं तर ऐकणाऱ्याला ते बेसूर वाजवल्यासारखंच वाटेल. आपल्या श्रुतींशी याची गल्लत करू नये. श्रुती रागातल्या नात्यातून येते, हा पाव-स्वर मोजपट्टीतून.

यंत्र गेलं की रचना गेली?

कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या जर्मन रचनाकाराची 'मंत्र' ही दोन पियानोंची रचना १९७० च्या ऑक्टोबरात डोनाउएशिंगेनलाच पहिल्यांदा वाजली. नाव संस्कृत, मसाला अस्सल युरोपीय. तेरा स्वरांचं एक सूत्र आणि त्याचाच सुमारे तासाभराहून मोठा विस्तार. दोन्ही पियानोंचा आवाज मायक्रोफोनने उचलून रिंग मॉड्युलेटर नावाच्या यंत्रातून जातो. यंत्र करतं काय? पियानोचा स्वर आणि यंत्रातला एक शुद्ध सूर यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी ऐकवतं.

सा २२० हर्ट्झ धरू आणि यंत्रातला सूरही तोच ठेवू. पियानोवर तार सा, म्हणजे ४४०, वाजवला तर बेरीज ६६० आणि वजाबाकी २२०. वजाबाकी पुन्हा सा, बेरीज तार सप्तकातला पंचम. सगळं सुरात. आता कोमल रे, म्हणजे २३३, वाजवा. बेरीज ४५३, हा तार सा आणि तार कोमल रे यांच्या मधे कुठेतरी लटकतो. वजाबाकी १३, जी स्वर म्हणून ऐकूच येत नाही, थरथर म्हणून जाणवते. फुटक्या घंटेसारखा नाद येतो. श्टॉकहाउझेनने सूत्रातला एकेक स्वर एकेका विभागाचा मध्यवर्ती सूर केला, त्यामुळे पियानो त्याच्यापासून दूर गेला की आवाज गढूळ होतो आणि परत आला की निवळतो. षड्जाचं हे ओढणं तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला समजावून सांगायला नको.

अडचण अशी की १९७० चं यंत्र आज दुकानात मिळत नाही. आजचे वादक तेच काम संगणकावर करतात. ते जमतं, कारण इथली क्रिया गणितात सांगता येते आणि स्कोअरमध्ये सूर नेमके लिहिलेले आहेत. बुलेझच्या 'रेपाँ'चा प्रवास जास्त जिकिरीचा. १९८१ मध्ये डोनाउएशिंगेनला वाजली तेव्हा ती पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेच्या '४ एक्स' या खास बनवलेल्या संगणकावर अवलंबून होती. तो संगणक इतिहासजमा झाला, तसं सगळं काम नव्या प्रणालींवर पुन्हा उतरवावं लागलं. मागे एवढी मोठी संस्था होती म्हणून निभावलं. एकटा रचनाकार लॅपटॉपवर काही करतो तेव्हा त्याने निदान इतकं ठेवावं: ध्वनीच्या फाइली साध्या वेव्ह स्वरूपात, प्रत्येक प्रक्रिया काय करते याचं शब्दांत वर्णन, मायक्रोफोन आणि स्पीकरचा नकाशा, आणि नीट झालेल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण. नुसती प्रोग्रामची फाइल ठेवली तर दहा वर्षांनी ती उघडेलच असं नाही.

अभ्यासक नेमकं काय करतात

जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या रचनाकारांवरच्या अभ्यासाचा एक गाजलेला नमुना खुद्द लिगेटीचाच आहे. बुलेझने १९५१-५२ च्या सुमारास दोन पियानोंसाठी 'स्ट्रक्चर्स' लिहिली. तिच्या पहिल्या भागाचं विश्लेषण लिगेटीने १९५८ मध्ये 'डी राइए' या नियतकालिकात छापलं. त्या भागात बारा स्वरांना क्रमांक, बारा कालावधींना क्रमांक. सगळ्यात छोटा एक एकक, सगळ्यात मोठा बारा, म्हणजे एक पूर्ण रांग ७८ एककांची. जोराच्या पायऱ्या आणि पट्टीवरचे आघातही असेच क्रमांकित. बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडले की ती स्वररांग; तीच उलटसुलट करून आणि वेगवेगळ्या स्वरांपासून सुरू करून तिची ४८ रूपं होतात, आणि त्यांपैकी प्रत्येक एकदा येतं. बारा गुणिले बाराच्या दोन कोष्टकांतून जवळपास सगळं निघतं.

लिगेटीने प्रश्न विचारला की यात बुलेझने स्वतः काय ठरवलं आणि कोष्टकाने काय ठरवलं? उत्तर तीन पायऱ्यांत आलं. आधी माणसाचा निर्णय: कोणती रांग, कोणती कोष्टकं, ती कशी वाचायची. मग यंत्रवत अंमल. मग पुन्हा माणूस: कोणता स्वर कोणत्या सप्तकात, एका वेळी किती रांगा, लय कोणती. या कामातून त्याने स्वतःसाठीही धडा घेतला. इतके नियम पाळूनही कानाला शेवटी स्वरांचा सरसकट विखुरलेला ढग ऐकू येतो, हे त्याला दिसलं. मग ढगापासूनच सुरुवात का करू नये? 'आत्मोस्फेर' तीन वर्षांनी आली.

आज या कामाची मुख्य साधनं तीन: स्कोअर, ध्वनिमुद्रण आणि कच्चे खर्डे. खर्ड्यांसाठी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचं पाउल साखेर प्रतिष्ठान मोठं ठिकाण. स्ट्राविन्स्की, वेबर्न, बुलेझ, लिगेटी यांची हस्तलिखितं तिथे आहेत. लिगेटीचे खर्डे पाहिले तर स्वर लिहिण्याआधी शब्द, चित्रं, तक्ते दिसतात. तयार स्कोअरवरून हे कधीच कळलं नसतं.

ध्वनिमुद्रणाचा उपयोग वर्णपटासाठी. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आवाज टाकला की आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्यावर कंपनसंख्या असं चित्र मिळतं. 'आत्मोस्फेर'मध्ये एके ठिकाणी पिकोलो बासऱ्यांचा अतितार आवाज असह्य टोकाला जातो आणि एकदम खाली डबल बेस उरतात. चित्रात तो कडाच दिसतो. पण चित्रावर फार भिस्त ठेवू नये. मायक्रोफोन कुठे होता, सभागृह किती घुमतं, हेही त्यात मिसळलेलं असतं, म्हणून किमान दोन वेगळी ध्वनिमुद्रणं ताडून पाहतात.

आणि कार्यक्रमपत्रिका मोजणं, हा वरवर कंटाळवाणा प्रकार. डार्मश्टाट म्हणजे पहिल्या दिवसापासून कडक बारास्वरी गणिताचा अड्डा, अशी समजूत होती. जुन्या पत्रिका काढल्यावर दिसतं की सुरुवातीच्या वर्षांत तिथे हिंडेमिटचं राज्य होतं. कोणाच्या रचना लागल्या, त्यात स्त्रिया किती, हेही अलीकडे असंच पत्रिकांवरून मोजलं गेलं. मोजणीने वाद संपत नाहीत, पण 'असं थोडंच होतं' म्हणायची सोय जाते.

अलीकडच्या रचनेवर लिहिताना दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. एक स्वामित्वहक्क. लिगेटी २००६ साली वारला. युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क चालतात, म्हणजे २०७६ अखेरपर्यंत, आणि भारतात ६० वर्षं, म्हणजे २०६६ अखेरपर्यंत. स्कोअरच्या दोन ओळी पुस्तकात छापायच्या तरी प्रकाशकाची लेखी परवानगी घेण्याची रीत आहे आणि उत्तर यायला महिने लागू शकतात. प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नये. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. आजचे रचनाकार थेट संगणकावर लिहितात, जुना खर्डा नव्याखाली पुसला जातो, आणि अभ्यासकाला मधल्या पायऱ्या मिळत नाहीत. त्यातून १९८८ पासून वापरात असलेला 'फिनाले' हा स्वरलेखनाचा प्रोग्राम त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. तीन दशकांचे स्कोअर त्या स्वरूपात अडकले. उपाय नीरस पण चालणारा: दर टप्प्याला तारीख घालून वेगळी फाइल, सोबत पीडीएफ आणि म्युझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या स्वरलेखन प्रोग्रामांत उघडणारं स्वरूप) प्रत.

मुंबईचं एक उदाहरण इथे चपखल बसतं. एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली उभा राहिला आणि त्याने उस्ताद झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी 'पेशकार' लिहून घेतलं. पहिला प्रयोग २०१५ मध्ये मुंबईत, तबल्यावर स्वतः उस्ताद. त्याच ऑर्केस्ट्राने ते पुढे परदेश दौऱ्यांवरही नेलं. दुसऱ्या प्रयोगाचा प्रश्न असा सुटला की लिहून घेणारा आणि वाजवणारा एकच होता. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिर हुसेन गेले. आता तबल्याच्या जागी दुसरं कोणी बसेल तेव्हा कागदावर काय आहे आणि ध्वनिमुद्रणातून काय उचलायचं, याचा हिशेब कोणाला तरी करावा लागेल. तो करायला तबल्याची भाषा येणारा माणूसच हवा, बाझेलचा नव्हे.

घरी ऐकून पाहायचं असेल तर

'आत्मोस्फेर'ची ध्वनिमुद्रणं सहज सापडतात. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या आपल्या अंतराळपटात तिचा वापर केला, तोही लिगेटीला न विचारता, त्यामुळे अनेकांनी ती नकळत ऐकलेलीही असेल. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. सुरुवात इतकी हळू आहे की काही लागलंच नाही असं वाटतं, आणि डबल बेसचा तळ ऐकूच येत नाही. हेडफोन लावा आणि आवाज एकदा ठरवला की हलवू नका. सुरुवातीला वाढवलात तर पिकोलोंच्या वेळी कान फाटतील.

पहिल्यांदा ऐकताना चाल शोधू नका. तानपुरा जुळवताना जवारी उघडत जाते, स्वर तोच राहतो आणि आतली झिलई बदलते, तसं ऐका. दुसऱ्यांदा एकाच गोष्टीवर लक्ष ठेवा: पट्टा रुंद होतोय की अरुंद. तिसऱ्यांदा स्कोअर समोर ठेवता आला तर उत्तम. प्रकाशक अनेक स्कोअर नुसते पाहण्यासाठी संकेतस्थळावर ठेवतात. ओळी वाचता येत नसल्या तरी पानावरची काळी दाटी कुठे वाढते आणि कुठे विरते ते दिसेल.

आणि शेवटी लगेच बंद करू नका. पियानोच्या तारांवरून ब्रश फिरतात, आवाज विरतो, तरी स्कोअर संपलेला नसतो. पुढे काही रिकामी मापं छापलेली आहेत, आणि कंडक्टरने तीही मोजायची असतात.